तीन मापांचे रूळ: बीड परिसराचा रेल्वे-इतिहास कोणी जपायचा?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) पहिली प्रवासी गाडी सुटली. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली ती १८५३ साली. म्हणजे त्याच राज्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे पाहण्यासाठी १७२ वर्षे थांबावे लागले. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यावर आष्टीपर्यंत प्रवासी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी पोहोचली आणि तीन वर्षांनी बीडपर्यंत. त्या दिवशी बीड ते परळी हा टप्पा व्हायचा बाकी होता.

एवढ्यावरून कोणालाही वाटेल, की बीड जिल्ह्याला रेल्वेचा इतिहास नाही. तो आता कोठे सुरू होतो आहे. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी वैजनाथ आणि घाटनांदूर ही स्थानके निजामाच्या राजवटीपासून आहेत. आणि जिल्ह्याच्या सीमेबाहेर थोडे डोकावले, तर असे दिसते की भारतात वापरली गेलेली रुळांची तिन्ही प्रमुख मापे या एका जिल्ह्याभोवती येऊन थांबली होती. पश्चिमेला अहमदनगर आणि पूर्वेला परळी येथे ब्रॉडगेज, उत्तरेला जालना-परभणीच्या बाजूने मीटरगेज आणि दक्षिणेला बार्शी-लातूर मार्गावर नॅरोगेज. बीड शहर या तिन्हींच्या मधोमध आणि तिन्हींपासून दूर होते. ही मापे का निवडली गेली, ती पुसली का गेली आणि पुसली जाताना त्यांच्याबरोबर काय हरवले, याचा विचार इतिहासाच्या तासाला जितका उपयोगी तितकाच विज्ञानाच्याही.

मापे कशी ठरली?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज. ब्रॉडगेजमध्ये ते १६७६ मिलिमीटर (साडेपाच फूट), मीटरगेजमध्ये नावाप्रमाणे १००० मिलिमीटर आणि बार्शीच्या नॅरोगेजमध्ये ७६२ मिलिमीटर (अडीच फूट) असे.

गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या काळात भारतासाठी रुंद माप ठरले. एकाच देशात वेगवेगळी मापे झाली तर काय गोंधळ होतो, हे इंग्लंडने तोपर्यंत अनुभवले होते. १८४५ साली तेथे त्यासाठी आयोग नेमावा लागला आणि १८४६ साली गेजचा कायदा करावा लागला. तरीही १८७० साली, लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, भारतात दुसरे माप आलेच. कारण खर्चाचे होते. रुंद मार्गाला भराव रुंद लागतो, पूल भक्कम लागतात, रूळ जड लागतात. कमी वाहतुकीच्या प्रदेशात एवढा पैसा घालणे सरकारला परवडेना. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या वेळी भारतात दशमान मापे आणण्याचा विचार चालू होता, म्हणून या स्वस्त मार्गासाठी 'एक मीटर' हे माप घेतले गेले. दशमान पद्धत आपल्या बाजारात १९५६च्या कायद्यानंतर आली. म्हणजे कापड गजाने आणि धान्य पायलीने मोजणाऱ्या खेड्याजवळून मीटरने आखलेला रूळ त्याआधी कित्येक दशके जात होता.

अरुंद मार्गाचा फायदा केवळ रुंदीच्या काटकसरीत नसतो. वळणावर तो ठळकपणे दिसतो. मार्ग काटकोनात वळला, तर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किती जास्त लांब असेल? बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या आतल्यापेक्षा गेजइतकी मोठी असते. म्हणून हा फरक गेजला १.५७ ने (म्हणजे पायच्या निमपटीने) गुणून मिळतो. ब्रॉडगेजवर तो सुमारे २.६३ मीटर येतो आणि ७६२ मिलिमीटरच्या मार्गावर केवळ १.२० मीटर. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, ती वेगवेगळी फिरू शकत नाहीत. त्यामुळे हा फरक चाकाच्या निमुळत्या आकाराने भरून काढावा लागतो, उरलेला घसटण्यात जातो. गेज जितके कमी तितके तीव्र वळण शक्य. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो आणि खर्च वाचतो. हे गणित आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर सहज करता येईल.

बार्शीचा अभियंता

या गणिताचा सर्वांत धीट उपयोग बीड जिल्ह्याच्या दक्षिणेला झाला. मुंबई-सोलापूर हा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग बार्शी या कापसाच्या मोठ्या बाजारपेठेला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेला. तेथील स्थानकाला नाव मिळाले 'बार्शी रोड'. ज्या गावाचे नाव घ्यायचे ते गाव मार्गापासून दूर असले, की स्थानकाच्या नावाला 'रोड' जोडण्याची रेल्वेची रीत आहे. बार्शी तेथून २१ मैलांवर होती आणि कापसाच्या गाठी बैलगाडीने न्याव्या लागत.

जी. आय. पी. रेल्वेत नोकरीसाठी १८८२ साली भारतात आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हे अंतर हलक्या रेल्वेने जोडण्याची योजना मांडली. ती पुढे नेण्यासाठी १८९५ साली बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली आणि १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी मार्ग सुरू झाला. पुढे तो एका बाजूला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत वाढत गेला. १९२७ साली मिरजेपर्यंतचा टप्पा पुरा झाला, तेव्हा एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर झाली होती. लोक या गाडीला 'बार्शी लाइट' म्हणत. या नावातील 'लाइट' म्हणजे दिवा नव्हे, हलकी. नावातच तिचे तंत्र सांगितलेले आहे.

कॅलथ्रॉपचा विचार असा होता. रूळ किती जाड हवा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही; एका आसावर जास्तीत जास्त किती वजन येते यावर ठरते. गाडीत एकच जड इंजिन असले, तर त्या एकासाठी संपूर्ण मार्गाचे रूळ आणि पूल मजबूत करावे लागतात. मागच्या हलक्या वाघिणींना त्या मजबुतीचा उपयोग नसतो. म्हणून त्याने एकच मर्यादा आखून घेतली: इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येणार नाही. इंजिनाचे वजन अनेक आसांवर वाटले. वाघिणींच्या सांगाड्यांसाठी दाबून आकार दिलेले पोलादी पत्रे वापरले, त्यामुळे रिकाम्या वाघिणीचे वजन घटले आणि मालाला जास्त वाव मिळाला. यामुळे यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे हलके रूळ पुरले. भारतात सामान पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ तात्पुरता मार्ग टाकून इंजिन आणि वाघिणींच्या चाचण्याही घेतल्या गेल्या. इंजिने लीड्सच्याच किट्सन कंपनीने बांधली होती.

याच कॅलथ्रॉपच्या देखरेखीखाली इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली लीक-मॅनिफोल्ड हा त्याच मापाचा छोटा मार्ग सुरू झाला. बार्शीचा अनुभव तेथे कामी आला. तंत्रज्ञान नेहमी विलायतेतून इकडे येते, असे आपण गृहीत धरतो. या एका बाबतीत सोलापूर जिल्ह्यात पारखलेली रचना विलायतेला गेली, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

सरहद्द ओलांडणारी गाडी

बार्शी ब्रिटिश मुलखात होती आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे ही छोटी गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. संस्थानाचे नाणे वेगळे (हाली सिक्का) आणि जकातीचे खाते वेगळे. त्या खात्याला 'करोडगिरी' म्हणत. करोडगिरीचे नाके मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात हमखास येत. एकाच गाडीत बसून नाणे आणि कायदा बदलण्याचा हा अनुभव १९४८ साली संस्थान भारतात विलीन होईपर्यंत लोक घेत होते. रेल्वेचा इतिहास हा केवळ इंजिनांचा इतिहास नसतो, तो असा.

संस्थानाच्या आतले चित्र निराळे होते. वाडी-सिकंदराबाद हा निजामाचा पहिला मार्ग १८७४ साली ब्रॉडगेजचा झाला. त्यानंतर १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील मार्ग झाला, तो मात्र मीटरगेजचा. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड ही गावे त्याने जोडली. पुढे आग्नेयेकडून विकाराबाद-बिदर-उदगीर असा ब्रॉडगेज मार्ग येत येत परळीला पोहोचला आणि उत्तरेकडून परभणी-गंगाखेडवरून मीटरगेज परळीला आले.

अशा रीतीने परळी वैजनाथ हे दोन मापांच्या सांध्याचे स्थानक झाले. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणून जेथे मापे बदलतात तेथे प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागते. त्यात वेळ जातो, माल फुटतो, गळतो, चोरीला जातो. पण त्याच मालधक्क्यावर हमालांच्या टोळ्यांना काम मिळते, मुकादम तयार होतात, चहाच्या टपऱ्या आणि खानावळी चालतात. कुर्डुवाडीलाही हेच होते. शिवाय तेथे बार्शी लाइटची कार्यशाळा असल्याने लोहार, सुतार, फिटर यांची वस्ती झाली. मापांमधला ६७६ मिलिमीटरचा किंवा ९१४ मिलिमीटरचा फरक एका गावाचा रोजगार ठरवू शकतो. आपल्या गावाची पेठ कोठे बसली आणि का बसली, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अशा मालधक्क्यापाशी सापडते.

एक माप झाले, ते बरेच झाले

स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट भारतीय रेल्वेत सामील झाली. मीटरगेजचे ब्रॉडगेज करा, ही मराठवाड्याची जुनी मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील नेत्यांनी ती विकासाच्या चळवळीत लावून धरली. १९९२ साली रेल्वेने देशभर एकच माप करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९९०च्या दशकात मनमाडपासून परभणीपर्यंतचा आणि परळीचा मीटरगेज मार्ग बदलला. बार्शी लाइटचे काम टप्प्याटप्प्याने झाले: कुर्डुवाडी-पंढरपूर २००१, लातूर-उस्मानाबाद २००७, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ आणि शेवटी पंढरपूर-मिरज. हे करताना जुन्या मार्गाने टाळलेल्या उस्मानाबादसाठी (आताचे धाराशिव) नवा मार्ग वळवण्यात आला. जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेवर आले.

हा बदल योग्य होता का? एका उदाहरणाने उत्तर मिळते. २०१६च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी दहा टाकी-वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. नंतर पन्नास वाघिणींच्या गाडीने एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हाच तो मार्ग, बार्शी लाइटचा.

आता हिशेब करू. एका वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. रिकाम्या टाकी-वाघिणीचे वजन सुमारे २७ टन. एकूण ७७ टन, चार आसांवर वाटले तर प्रत्येकावर सुमारे १९ टन. कॅलथ्रॉपच्या मूळ रचनेत आसाला मर्यादा पाच टनांची, म्हणजे चार आसांच्या वाघिणीचे भरलेले वजन जास्तीत जास्त २० टन. त्यातील रिकामे वजन पाच टन धरले, तर पाणी मावेल १५ टन. २५०० टन पाण्यासाठी सुमारे १६७ वाघिणी लागल्या असत्या, आणि तेवढ्या एका छोट्या इंजिनामागे जोडता येत नाहीत. अनेक गाड्या कराव्या लागल्या असत्या. शिवाय इतर मार्गांवरच्या टाकी-वाघिणी त्या रुळावर आल्याच नसत्या. कॅलथ्रॉपने आपल्या काळातील प्रश्न अतिशय हुशारीने सोडवला होता, पण २०१६चा प्रश्न त्याच्या रुळाने सुटला नसता.

म्हणून जुनी छोटी गाडी पुन्हा सुरू करा, असा आग्रह येथे धरायचा नाही. मुद्दा निराळा आहे. रेल्वे सुधारते नेमकी तेव्हाच तिच्या आधीच्या रूपाचा पुरावा नाहीसा होतो. रूळ उखडून भंगारात जातात, फलाटांची उंची वाढते, जुनी इमारत पाडून नवी येते, रजिस्टरे रद्दीत जातात. सुधारणा जितकी वेगाने होते, तितकी नोंद करायला मुदत कमी मिळते.

दुसरीकडे काय जपले गेले?

ज्या मापाची बार्शी लाइट होती, त्याच ७६२ मिलिमीटर मापाची कालका-सिमला रेल्वे १९०३ साली, म्हणजे बार्शीनंतर सहा वर्षांनी सुरू झाली. २००८ साली तिचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. दार्जिलिंगची गाडी १९९९ साली आणि निलगिरीची २००५ साली त्या यादीत आली होती. आपल्या राज्यात १९०७ सालची नेरळ-माथेरान गाडी प्रवाशांच्या प्रेमामुळे टिकून आहे. या सर्व डोंगरावरच्या गाड्या आहेत. तेथे हवा खायला जाणारा पाहुणा गाडी पाहतो, छायाचित्र काढतो आणि तिच्यासाठी आवाज उठवतो. कापूस, ज्वारी आणि वारकरी वाहणाऱ्या सपाटीवरच्या गाडीला असा पाहुणा भेटत नाही. तिची आठवण ठेवायची, तर गावकऱ्यांनीच ठेवायला हवी.

गावकरी काय करू शकतात, याचे पहिले मोठे उदाहरण ब्रिटनमधील वेल्स प्रांतात घडले. टॅलिलिन ही १८६५ सालची, पाटीचा दगड वाहणारी छोटी रेल्वे बंद पडण्याच्या बेतात होती. ऑक्टोबर १९५० मध्ये लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅमला सभा झाली, संस्था स्थापन झाली आणि १९५१ पासून स्वयंसेवक ती रेल्वे चालवू लागले. स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे. पुढे चारच वर्षांनी, १९५५ साली, मायकेल रिक्स यांच्या एका लेखाने 'औद्योगिक पुरातत्त्व' हा शब्द तेथे रूढ केला. जुन्या गिरण्या, भट्ट्या, पूल आणि रूळ हेही शिलालेखांइतकेच इतिहासाचे पुरावे आहेत, ही त्यामागची दृष्टी.

परंतु आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण कॅलथ्रॉपच्याच दुसऱ्या मार्गाचे आहे. लीक-मॅनिफोल्ड रेल्वे आर्थिकदृष्ट्या टिकली नाही. १९३४ साली ती बंद झाली. तिची किट्सनने बांधलेली दोन्ही इंजिने मोडीत निघाली, रूळही उचलले गेले. तरी १९३७ साली त्या रिकाम्या मार्गाची पायवाट करण्यात आली आणि आजही लोक ती चालतात. इंजिन नाही, रूळ नाहीत. पण गाडी कोठून वळत होती, नदी कोठे ओलांडत होती, हे चालणाऱ्याच्या पायांना कळते. वारसा जपण्यासाठी दर वेळी चौथऱ्यावर इंजिन उभे करावे लागत नाही, हा त्यातला धडा. नव्या ब्रॉडगेजने जेथे वेगळी वाट धरली, तेथे बार्शी लाइटच्या जुन्या वाटेचा विचार असा करता आला असता. जेथे भराव आणि मोऱ्या शिल्लक असतील तेथे अजूनही करता येईल.

महाराष्ट्राला स्थानिक इतिहासमंडळांची परंपरा नवी नाही. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतील माळ्यांवरची दफ्तरे उतरवत होते. बीडच्या शेजारी अहमदनगरला १९६० साली ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पण या परंपरेचे लक्ष मुख्यतः बखरी, सनदा, ताम्रपट, नाणी आणि शस्त्रे यांच्याकडे राहिले. स्टेशनमास्तरांची रोजवही, मालधक्क्याची पावती, कार्यशाळेतला आराखडा हे कागद कोणाला ऐतिहासिक वाटले नाहीत. राजवाड्यांची नजर रेल्वेच्या दफ्तराकडे वळवायची, एवढेच काम आता करायचे आहे. आणि जेथे असे मंडळ नाही, तेथे शाळा हेच मंडळ होऊ शकते.

शाळेतले रेल्वे-दफ्तर

यासाठी फार पैसे लागत नाहीत. पुढील पाच प्रकारचे पुरावे कोणत्याही स्थानकाच्या गावातील शाळेला गोळा करता येतील.

पहिला पुरावा लोखंडाचा. प्रत्येक रुळाच्या उभ्या पाटीवर कारखान्याचे नाव, वर्ष आणि वजन उठावाच्या अक्षरांत असते. उखडलेले जुने रूळ कुंपणाचे खांब, दिव्यांचे खांब किंवा छपराच्या तुळया म्हणून गावात वापरलेले सापडतात. विद्यार्थ्यांनी त्यावरची अक्षरे वाचावीत. कागद ठेवून पेन्सिलीने घासले, तर ठसा उमटतो. अशा खांबांचा नकाशा केला, की गावातून कोणत्या काळचे आणि किती वजनाचे रूळ गेले हे उलगडते.

दुसरा पुरावा उंचीचा. स्थानकाच्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. परळी बालाघाटच्या पायथ्याशी आणि घाटनांदूर वर पठारावर. दोन्ही फलकांवरील उंचीतला फरक काढून तो रुळाच्या अंतराने भागला, की चढाची सरासरी मिळते. परळीहून वर जाणाऱ्या मालगाडीच्या इंजिनावर ताण का येतो, याचे उत्तर विद्यार्थी स्वतः काढतील.

तिसरा पुरावा नावांचा. 'बार्शी रोड' प्रमाणेच 'लातूर रोड' हे स्थानक आहे. कोणत्या गावाला स्थानक मिळाले, कोणाला केवळ 'रोड' मिळाला आणि अंबाजोगाईसारख्या जुन्या छावणीच्या गावाला घाटनांदूरला उतरून का जावे लागले, हे नकाशा समोर ठेवून विचारावे. डोंगर, पाणी, बाजार आणि राजकारण यांपैकी कशाचा वाटा किती, यावर वर्गात चांगला वाद होईल.

चौथा पुरावा यंत्रांचा. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून आपल्याकडे अनेक दशके नील यांचे टोकन-यंत्र वापरात होते. शेजारच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत आणि दोन्ही मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शके. तो गोळा हाती असेल तरच चालकाने त्या टप्प्यात शिरायचे. धावत्या इंजिनाला वेताच्या कडीतून तो देण्याचे कसब सांधेवाल्यांकडे असे. ही युक्ती तार्किक मंडलाचा उत्तम नमुना आहे. दोन स्विचा आणि दोन विद्युतचुंबक घेऊन तिची प्रतिकृती प्रयोगशाळेत करता येईल. त्याबरोबरच जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटे, हातकंदील, वेळापत्रके यांची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत. वस्तू मालकाकडेच राहू द्यावी. नोंद शाळेत यावी.

पाचवा पुरावा माणसांचा, आणि तो सर्वांत आधी घ्यायला हवा. १९९५ साली परळीच्या मालधक्क्यावर तिशीत असलेला हमाल आज साठीत आहे. बार्शी लाइटवर वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे त्याहून वयस्कर. त्यांना 'काय आठवते?' असे मोघम विचारू नये. एका पाळीत किती पोती उतरत, मजुरी कशी मोजली जाई, पावसात काय करीत, गाडी चढावर थांबली तर पुढे काय होई, असे नेमके प्रश्न विचारावेत. उत्तर जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत लिहावे. तारीख आणि विचारणाऱ्याचे नाव खाली असावे. दोन माणसांनी वेगळे सांगितले, तर दोन्ही ठेवावे. प्रयोगातील दोन वाचने वेगळी आली, म्हणून आपण एक खोडून टाकत नाही. नाव छापायला त्यांची संमती मात्र घ्यावी.

एक सूचना महत्त्वाची. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाणे रेल्वे अधिनियम १९८९ नुसार गुन्हा आहे, आणि धोक्याचे तर आहेच. परळी भागात गाड्या सतत ये-जा करतात. स्टेशनमास्तरांची लेखी परवानगी, शिक्षकांची सोबत आणि फलाटापुरती मर्यादा या तीन अटी पाळूनच काम करावे. उरलेले बहुतेक काम गावात, घरांत आणि बाजारातच करायचे आहे.

परळी, घाटनांदूर, कुर्डुवाडी, बार्शी येथील शाळांना मागचे शोधायचे आहे. आष्टी आणि बीडच्या शाळांचे भाग्य वेगळे आहे. त्यांच्या रेल्वेचा पहिला दिवस आत्ताच होऊन गेला आहे. मार्गासाठी कोणाच्या जमिनी गेल्या, पूल बांधणारे मजूर कोठून आले, पहिल्या महिन्यात गाडीने कोण प्रवास केला आणि एस. टी. सोडून कोण आले नाही, हे सांगणारी माणसे सर्व हयात आहेत. पहिले वेळापत्रक, पहिल्या दिवसाचे तिकीट, भूसंपादनाची नोटीस या गोष्टी घरोघर आहेत. एका जाड वहीत त्या चिकटवून खाली तारीख आणि देणाऱ्याचे नाव लिहावे. स्थानकासमोरच्या एकाच ठरलेल्या जागेवरून दर वर्षी १७ सप्टेंबरला एक छायाचित्र घ्यावे. त्या दिवशी झेंडावंदनाला शाळा भरतेच. तेथून स्थानकापर्यंत जायला वेळ लागतो तो थोडाच.